एआय जुना कोड का सांगतो? लायब्ररीचे ताजे डॉक्स शोधून वाचायची सोय त्याला कशी देतात, समजून घेऊ

पायथॉन किंवा जावास्क्रिप्ट शिकणाऱ्या मुलांना हा अनुभव नवा नाही. एआय मदतनीसाकडून कोड लिहून घेतला. दिसायला चोख. चालवला तर लाल अक्षरांत एरर, की असं फंक्शनच नाही! परत विचारलं की मदतनीस माफी मागतो, दुसरा कोड देतो. तो कधी चालतो, कधी त्यातून तिसरीच एरर निघते. बघता बघता तास-दीड तास जातो.

बेळगाव, निपाणी, पणजी, इंदूर, बडोदा, हैदराबाद, कुठेही जा. इंजिनिअरिंग किंवा बीसीए करणारी, घरबसल्या छोटी कामं घेणारी मराठी मुलं आज चॅटजीपीटी, क्लॉड, जेमिनाय, कोपायलट यांच्या मदतीनं कोड लिहितात. मोठ्या कंपनीत शेजारच्या टेबलावर विचारायला अनुभवी माणूस असतो. गावात बसून शिकणाऱ्याला तो नसतो, त्याच्यासाठी एआय हाच सीनियर. म्हणून हा सीनियर कुठे आणि का चुकतो, आणि ती चूक कमी करायला जगभरात काय करतात, हे माहीत असलेलं बरं. उपाय फार गूढ नाही. त्यातला बराच भाग फुकटात, घरच्या लॅपटॉपवरही जमतो.

आधी लायब्ररी आणि डॉक्स म्हणजे काय?

सॉफ्टवेअर लिहिणारा प्रत्येक गोष्ट शून्यापासून लिहीत नाही. तक्ते हाताळायला, वेबसाइटचं पान दाखवायला, पैसे भरण्याची सोय जोडायला दुसऱ्यांनी लिहून ठेवलेला तयार कोड असतो, त्याला लायब्ररी म्हणतात. पायथॉनच्या लायब्ररी पायपीआय या भांडारात, जावास्क्रिप्टच्या एनपीएममध्ये मिळतात.

लायब्ररी कशी वापरायची हे सांगणारी माहितीपुस्तिका म्हणजे डॉक्युमेंटेशन, बोलीभाषेत डॉक्स. कोणतं फंक्शन, त्याला काय द्यायचं, ते काय परत देतं, कोणत्या व्हर्जनला काय बदललं, हे सगळं त्यात असतं. ही पद्धत जुनी आहे. युनिक्स या प्रणालीची पहिली माहितीपुस्तिका १९७१ साली निघाली होती आणि तिच्यातली ‘मॅन पेज’ ही रीत आजही लिनक्सवर चालते.

अडचण अशी, की डॉक्स कंटाळवाणे वाटतात. मुलं थेट एआयला विचारतात. आणि एआय बहुतेक वेळा डॉक्स उघडून न बघता आठवणीवर उत्तर देतो.

आठवण जुनी का पडते?

भाषा-मॉडेल तयार करताना त्याला प्रचंड मजकूर वाचायला देतात. हे वाचन एका तारखेला थांबतं. त्यानंतर लायब्ररीत झालेला बदल मॉडेलला आपोआप कळत नाही.

पण तारीख हे एकच कारण नाही. बदल त्या तारखेच्या आधीचा असला तरी मॉडेल चुकतं. का, ते एका उदाहरणानं बघू. पायथॉनमध्ये तक्त्यांच्या कामासाठी ‘पांडाज’ ही लायब्ररी सगळे वापरतात. तिच्यात तक्त्याला नवी ओळ जोडायला वर्षानुवर्षं ‘ॲपेंड’ वापरत. जानेवारी २०२२ मध्ये आलेल्या १.४ व्हर्जननं सांगितलं, की हे आता बंद होणार. एप्रिल २०२३ मध्ये २.० आलं आणि ‘ॲपेंड’ खरंच काढून टाकलं. त्याजागी ‘कॉनकॅट’ वापरायचं.

आता इंटरनेटवर बघा. जुन्या पद्धतीनं लिहिलेली उत्तरं, शिकवण्या, कॉलेजच्या जर्नलमधले कोड अनेक वर्षांचे साठलेले. नव्या पद्धतीचे त्या मानानं कमी. मॉडेल जे जास्त वेळा वाचतं ते त्याच्या तोंडी लवकर येतं. म्हणजे बदल त्याला ‘माहीत’ असूनही हात जुन्या वळणावर जातो. गावातल्या चौकाचं नाव बदलून दहा वर्षं झाली तरी रिक्षावाला जुन्याच नावानं सांगतो, तसंच हे.

पांडाज एकटी नाही. ‘पायडँटिक’ या लायब्ररीचं दुसरं मोठं व्हर्जन जून २०२३ मध्ये आलं आणि रोजच्या वापरातली कितीतरी नावं बदलली. पायथॉन ३.१२ ऑक्टोबर २०२३ मध्ये आलं आणि पायथॉनबरोबर वर्षानुवर्षं मिळणारं ‘डिस्टयूटिल्स’ त्यातून गेलं. खुद्द ओपनएआय कंपनीच्या पायथॉन लायब्ररीनं नोव्हेंबर २०२३ मध्ये १.० व्हर्जन काढताना मॉडेलला प्रश्न विचारण्याची सगळी पद्धतच बदलली. जुना कोड नव्या लायब्ररीवर चालेना.

व्हर्जनचा घोळ आपल्या लोकांना जमिनीच्या कागदावरून पटकन कळेल. शेतजमिनीचा उतारा महाराष्ट्रात सातबारा. कर्नाटकात तोच आरटीसी किंवा पहाणी. गोव्यात फॉर्म १ आणि १४. मध्य प्रदेशात खसरा-खतौनी. एखाद्या जाणत्यानं महाराष्ट्रातली पद्धत बिनचूक सांगितली, पण तुमची जमीन बेळगाव तालुक्यात असेल, तर माहिती खरी असूनही तुमच्या उपयोगाची नाही. एआयनं दिलेला जुना कोड पुष्कळदा असाच असतो. तो कुठेतरी, कधीतरी बरोबर होता. तुमच्या संगणकावरच्या व्हर्जनला तो लागू नाही.

नसलेली लायब्ररी सुचवली तर?

जुना कोड एरर देतो, वेळ जातो, पण निदान कळतं तरी. याहून वाईट प्रकार म्हणजे मॉडेल कधीकधी अस्तित्वात नसलेल्या लायब्ररीचं नाव देतं. नाव ऐकायला अगदी खरं वाटतं.

अमेरिकेतल्या विद्यापीठांतल्या संशोधकांनी यावर मोठी चाचणी केली. तिचा अहवाल २०२५ च्या युझनिक्स सुरक्षा परिषदेत मांडला गेला. १६ मॉडेल्सकडून पायथॉन आणि जावास्क्रिप्टचे ५ लाख ७६ हजार कोडचे नमुने लिहून घेतले. सुचवलेल्या लायब्ररींपैकी अस्तित्वात नसलेल्यांचं सरासरी प्रमाण व्यापारी मॉडेल्समध्ये किमान ५.२ टक्के आणि खुल्या मॉडेल्समध्ये २१.७ टक्के निघालं. मॉडेल्सनी मनानं रचलेली वेगवेगळी नावं २ लाख ५ हजारांच्या वर होती.

धोका यापुढे आहे. मॉडेल कोणतं खोटं नाव वारंवार सुचवतं हे एखाद्या लबाड माणसानं हेरलं, तर तो त्याच नावानं घातक कोड भांडारात चढवू शकतो. मग एआयच्या सांगण्यावरून ती लायब्ररी बसवणाऱ्याच्या संगणकात तो कोड थेट शिरतो. या प्रकाराला पायथॉन सॉफ्टवेअर फाउंडेशनचे सेथ लार्सन यांनी ‘स्लॉपस्क्वॉटिंग’ असं नाव दिलं. दुसऱ्याच्या दुकानासाठी किंवा बँकेसाठी काम करणाऱ्या मुलाच्या हातून असं घडलं, तर नुकसान त्याच्या एकट्याचं राहत नाही.

उपाय काय? तीन वाटा

पहिली वाट, मॉडेलला नव्यानं शिकवायचं. ते फार खर्चिक असतं आणि लायब्ररीत तर दर आठवड्याला काही ना काही बदलत असतं. शिकवून होईपर्यंत पुन्हा जुनं.

दुसरी वाट, सगळे डॉक्स प्रश्नाबरोबर मॉडेलसमोर टाकायचे. छोट्या लायब्ररीला हे चालतं. पण मोठ्या लायब्ररीचे डॉक्स हजारो पानांचे. मॉडेल एका वेळी किती मजकूर समोर ठेवू शकतं याला मर्यादा असते, प्रत्येक शब्दाचा हिशेब पैशांत होतो, आणि ढिगाऱ्यात हवी ती ओळ हरवतेही.

तिसरी वाट, शोध. डॉक्स एका जागी नीट लावून ठेवायचे आणि मॉडेलला त्यात शोधायची सोय द्यायची. प्रश्न आला की आधी शोध, मग सापडलेली चार-पाच पानं वाचून उत्तर. परीक्षेला पाठांतरावर लिहिण्याऐवजी पुस्तक उघडून लिहिण्यासारखं. फेसबुकच्या संशोधन विभागातले पॅट्रिक लुईस आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये ‘रिट्रिव्हल ऑगमेंटेड जनरेशन’ या नावानं ही कल्पना मांडली. आज सगळे तिला ‘रॅग’ म्हणतात. लायब्ररीच्या डॉक्ससाठी हीच वाट रूढ झाली आहे.

आत नेमकं काय घडतं?

पायरी १ : डॉक्स गोळा करणं. लायब्ररीचं संकेतस्थळ किंवा तिच्या कोडबरोबर ठेवलेलं डॉक्सचं फोल्डर घेतात. पानावरचा मेनू, जाहिरात, तळटीप काढून टाकतात, फक्त मजकूर आणि कोडचे नमुने ठेवतात.

पायरी २ : तुकडे करणं. अख्खं पान एकदम न ठेवता मथळ्यांप्रमाणे तुकडे पाडतात. हे काम वाटतं तितकं सोपं नाही. कोडचा नमुना मधेच तुटला तर तुकडा निकामी. ‘हे फक्त अमुक व्हर्जनपासून’ ही सूचना एका तुकड्यात आणि फंक्शन दुसऱ्यात गेलं, तर मॉडेल पुन्हा चुकणार. म्हणून प्रत्येक तुकड्याला चिठ्ठी लावतात : कोणती लायब्ररी, कोणतं व्हर्जन, कोणत्या मथळ्याखालचा, मूळ पानाचा पत्ता काय.

पायरी ३ : शोधसूची बनवणं. इथे दोन पद्धती आहेत. पहिली शब्दांवर चालते. ज्ञानकोशाच्या शेवटी शब्दसूची असते तशी. १९७२ मध्ये केंब्रिजच्या केरन स्पार्क जोन्स यांनी एक साधी पण फार मोलाची गोष्ट मांडली, की जो शब्द कमी कागदांत येतो त्याला शोधात जास्त वजन द्यावं. ‘फंक्शन’ हा शब्द डॉक्सच्या पानापानावर असतो, त्याचा शोधाला उपयोग नाही. एखाद्या विशिष्ट फंक्शनचं नाव मात्र दोन-चार पानांवरच येतं, तेच पान वर यायला हवं. याच विचारातून पुढे लंडनच्या सिटी विद्यापीठात स्टीफन रॉबर्टसन आणि सहकाऱ्यांनी ‘बीएम२५’ हे सूत्र घडवलं. इतक्या वर्षांनंतरही ते शोधयंत्रांत वापरात आहे.

दुसरी पद्धत अर्थावर चालते. प्रत्येक तुकड्याचं रूपांतर शेकडो किंवा हजारो आकड्यांच्या यादीत करतात. याला एम्बेडिंग म्हणतात. जवळच्या अर्थाच्या तुकड्यांचे आकडे जवळ येतात. ‘दोन तक्ते एकाखाली एक लावायचे आहेत’ असं विचारलं, आणि डॉक्समध्ये यातला एकही शब्द नसला, तरी ‘कॉनकॅट’चं पान सापडतं.

दोन्हींत उणीव आहे. शब्दांचा शोध वेगळ्या शब्दांत विचारलेलं ओळखत नाही. अर्थाचा शोध एररचा नेमका क्रमांक किंवा फंक्शनचं चमत्कारिक नाव हुकवू शकतो. म्हणून चांगल्या सोयींत दोन्ही शोध लावतात आणि निकाल एकत्र करतात.

पायरी ४ : वाचून उत्तर. सापडलेले तुकडे मॉडेलसमोर ठेवतात. मॉडेल ते वाचून कोड लिहितं आणि कोणत्या पानावरून घेतलं त्याचा दुवा देतं. हा दुवा फार महत्त्वाचा, कारण त्यावरूनच तुम्हाला खातरजमा करता येते.

मराठीत विचारलं तर चालेल?

डॉक्स बहुतेक सगळे इंग्रजीत. पण प्रश्न मराठीतून विचारला तर बिघडत नाही. आजचे मदतनीस मराठी प्रश्न समजून स्वतःच इंग्रजी शोधशब्द तयार करतात आणि उत्तर पुन्हा मराठीत देतात. अनेक भाषांसाठी बनवलेल्या एम्बेडिंगमध्ये मराठी वाक्य आणि त्याच अर्थाचं इंग्रजी वाक्य जवळ येतात.

एक काळजी घ्या. फंक्शनचं नाव, लायब्ररीचं नाव आणि एररचा मजकूर यांचं भाषांतर करू नका. आहे तसा, इंग्रजी अक्षरांत, पूर्ण चिकटवा. बाकी प्रश्न खुशाल आपल्या भाषेत लिहा. ज्याचं इंग्रजी कच्चं आहे पण डोकं पक्कं आहे, अशा मुलासाठी ही सोय खरोखर दार उघडणारी आहे. आजवर डॉक्स म्हणजे त्याच्यासाठी भिंतच होती.

एमसीपी : सगळ्यांना चालेल असा एकच प्लग

पूर्वी प्रत्येक मदतनीसाला प्रत्येक साधन जोडायला वेगळी तार लागायची. जुन्या मोबाइलच्या चार्जरसारखं, नोकियाचा वेगळा, सॅमसंगचा वेगळा. नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिक कंपनीनं ‘मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल’ म्हणजे एमसीपी हा खुला नियम जाहीर केला. मार्च २०२५ मध्ये ओपनएआयनं आणि एप्रिलमध्ये गूगलनं त्याला पाठिंबा दिला. डिसेंबर २०२५ मध्ये हा नियम लिनक्स फाउंडेशनच्या छताखालच्या संस्थेकडे सोपवला गेला, म्हणजे तो एकाच कंपनीच्या हातात राहिला नाही.

काम असं चालतं. एका बाजूला मदतनीस, दुसऱ्या बाजूला एमसीपी सर्व्हर नावाचा छोटा प्रोग्राम. सर्व्हर सांगतो, माझ्याकडे ही ही साधनं आहेत, प्रत्येकाला अमुक माहिती द्यावी लागते. मदतनीस गरज पडली की साधन बोलावतो, सर्व्हर उत्तर आणून देतो. हा सर्व्हर तुमच्याच लॅपटॉपवर असू शकतो किंवा दूर कुठे.

डॉक्ससाठी बनवलेल्या सर्व्हरमध्ये अपस्टॅश कंपनीचा ‘कॉन्टेक्स्ट-सेव्हन’ बराच वापरला जातो. त्यात मुख्य साधनं दोनच. पहिलं, लायब्ररीची नेमकी ओळख पटवणारं, कारण सारख्या नावाच्या लायब्ररी खूप असतात. दुसरं, त्या लायब्ररीच्या डॉक्समधून विषयाला धरून तुकडे आणणारं. मायक्रोसॉफ्टनेही आपल्या तांत्रिक डॉक्ससाठी असा सर्व्हर खुला केला आहे.

याच्याच जोडीला आणखी एक साधी कल्पना आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये जेरेमी हॉवर्ड यांनी सुचवलं, की प्रत्येक संकेतस्थळानं मुळाशी ‘एलएलएम्स डॉट टीएक्सटी’ नावाची साध्या मजकुराची फाइल ठेवावी. आमच्याकडे काय आहे आणि महत्त्वाची पानं कोणती, एवढं त्यात लिहायचं. सरकारी कार्यालयाच्या दारात ‘कोणतं काम कोणत्या टेबलावर’ असा फलक असतो ना, तसंच. हा सक्तीचा नियम नाही, सूचना आहे, पण कितीतरी लायब्ररींनी ती मानली.

घरच्या लॅपटॉपवर फुकटात काय करता येईल?

सर्व्हर वगैरे नंतर. आधी या गोष्टी करून बघा.

एक, आपलं व्हर्जन बघा. पायथॉनमध्ये ‘पिप शो’ आणि पुढे लायब्ररीचं नाव टाकलं की व्हर्जन दिसतं. एआयला विचारताना ते प्रश्नातच लिहा. एवढ्यानंही बऱ्याच चुका टळतात.

दोन, बसवलेल्या लायब्ररीतच डॉक्स असतात. पायथॉनमध्ये ‘हेल्प’ हे फंक्शन किंवा ‘पायडॉक’ वापरलं की त्या फंक्शनची माहिती समोर येते. ती तुमच्याच व्हर्जनची असते आणि इंटरनेटही लागत नाही. ती चिकटवून मग एआयला विचारा.

तीन, डॉक्स उतरवून ठेवा. पायथॉनचे अधिकृत डॉक्स साध्या मजकुराच्या रूपात झिप करून मिळतात. बऱ्याच खुल्या लायब्ररींच्या कोडबरोबर डॉक्सचं फोल्डर असतं. आपल्या व्हर्जनचा टॅग निवडून ते उतरवा आणि कोड लिहिणाऱ्या मदतनीसाला सांगा, की आधी या फोल्डरमध्ये शोध. फाइलींतून शब्द शोधायला असे मदतनीस सरावलेले असतात. वेगळी सूची बनवायची गरजही पडत नाही. ज्या गावात नेट दिवसातून चारदा जातं, तिथे हा मार्ग सगळ्यात भरवशाचा.

चार, डॉक्स जास्त झाले तर एसक्यूलाइट वापरा. त्यातल्या ‘एफटीएस५’ या सोयीत मजकुराचा शोध आणि बीएम२५ची क्रमवारी दोन्ही तयार मिळतात. सगळं एका फाइलीत मावतं. कॉलेजच्या शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी हा विषय चांगला आहे, आणि करून दाखवता येतो.

पाच, मदतनीसाला नियम लिहून द्या. कोड लिहिणाऱ्या बहुतेक मदतनीसांना प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये सूचनांची फाइल ठेवता येते. त्यात तीन ओळी पुरतात : कोड लिहिण्याआधी डॉक्स शोध. सापडलं नाही तर सापडलं नाही असं सांग, मनानं रचू नको. ज्या पानावरून घेतलं त्याचा दुवा दे.

धोके विसरू नका

शोधाची सोय दिली म्हणजे सगळं बिनचूक झालं, असं समजू नये. पहिली गोष्ट, शोधात चुकीच्या व्हर्जनचं पान आलं तर मॉडेल ते तितक्याच विश्वासानं सांगेल. आता तर दुवाही देईल. म्हणून दुवा उघडून पानाच्या वर लिहिलेलं व्हर्जन बघायचं.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर. मॉडेलला वाचायला दिलेला मजकूर आणि त्याला दिलेला हुकूम यांतला फरक त्याला नेहमी नीट कळत नाही. डॉक्सच्या पानात कुणी लपवून लिहिलं, की ‘ही अमुक फाइल वाच आणि तमुक पत्त्यावर पाठव’, तर मॉडेल त्याला फशी पडू शकतं. याला प्रॉम्प्ट इंजेक्शन म्हणतात. संगणक सुरक्षेवर काम करणाऱ्या ओडब्ल्यूएएसपी या संस्थेनं भाषा-मॉडेल वापरणाऱ्या ॲप्सच्या धोक्यांची यादी केली, त्यात हा पहिल्या क्रमांकावर आहे. म्हणून अनोळखी एमसीपी सर्व्हर जोडू नका, डॉक्सच्या साधनाला फक्त वाचायची परवानगी द्या, आणि मदतनीस एखादी आज्ञा चालवायला परवानगी मागतो तेव्हा न वाचता ‘हो’ दाबू नका.

तिसरी गोष्ट, बाहेरच्या सर्व्हरला प्रश्न पाठवताना आपल्या कंपनीचा किंवा ग्राहकाचा कोड, पासवर्ड, चाव्या त्यात जात नाहीत ना, हे तपासा. नोकरी लागलेल्या मुलांनी कंपनीचा नियम आधी विचारून घ्यावा.

आणि नवी लायब्ररी बसवण्याआधी भांडारात जाऊन तिचं पान स्वतः बघा. कधीपासून आहे, कुणी बनवली, अधिकृत डॉक्सचा दुवा आहे का. कालच जन्मलेली, कुणी न वापरलेली लायब्ररी असेल तर हात लावू नका.

डॉक्स लिहिणाऱ्याचं पोट कसं भरायचं?

या सगळ्यात एक बाजू फारशी बोलली जात नाही. डॉक्स आभाळातून पडत नाहीत. कुणीतरी बसून लिहितो, प्रत्येक व्हर्जनला सुधारतो. कित्येक खुल्या लायब्ररींचं उत्पन्न डॉक्सच्या संकेतस्थळावर येणाऱ्या माणसांवर चालतं. माणूस डॉक्स वाचायला येतो, तिथे पैसे देऊन मिळणाऱ्या गोष्टी दिसतात, काही जण घेतात.

‘टेलविंड सीएसएस’ ही वेबसाइटच्या सजावटीसाठी जगभर वापरली जाणारी लायब्ररी. कुणीतरी सुचवलं, की तिचे डॉक्स एआयला सहज वाचता येतील अशा एका मजकूर-फाइलीत द्या. त्यावर जानेवारी २०२६ मध्ये तिचे जनक ॲडम वॅथन यांनी उघडपणे सांगितलं, की आदल्याच दिवशी आपल्या इंजिनिअर मंडळींपैकी ७५ टक्के लोकांना कमी करावं लागलं. लायब्ररीचा वापर कधी नव्हे इतका वाढलेला, पण डॉक्सवर येणारी माणसं २०२३ च्या सुरुवातीपेक्षा सुमारे ४० टक्क्यांनी घटलेली आणि उत्पन्न सुमारे ८० टक्क्यांनी खाली. इंजिनिअर चार होते, त्यातले तीन गेले. बातमी पसरल्यावर काही मोठ्या कंपन्यांनी प्रायोजकत्व द्यायचं जाहीर केलं.

प्रश्न सरळ आहे. डॉक्स एआयला सोपे करून दिले नाहीत, तर मुलांना जुना, चुकीचा कोड मिळत राहणार. दिले, तर डॉक्स लिहिणाऱ्याच्या दारात कुणी येणार नाही, आणि उद्या ताजे डॉक्स लिहायलाच कुणी उरणार नाही. मग एआयनं शोधायचं तरी कशात? याचं उत्तर अजून कुणाकडे पक्कं नाही. काही जण कंपन्यांकडून वर्गणी घेतात, काही एआयच्या वापरासाठी वेगळे पैसे मागतात. आपल्या हातात आहे ते एवढंच : ज्या लायब्ररीवर आपलं काम चालतं तिच्या पानावर अधूनमधून जावं, चूक दिसली तर कळवावं, आणि नोकरीत निर्णय घ्यायची वेळ आली तर कंपनीला वर्गणी द्यायला सांगावं.

मुलांसाठी थोडक्यात

एआयला विचारताना लायब्ररीचं नाव आणि व्हर्जन दोन्ही सांगा. एरर आहे तशी द्या. आधी डॉक्स शोधायला लावा, दुवा मागा, दुवा उघडून व्हर्जन बघा. दुवा देत नसेल तर ते उत्तर आठवणीतलं आहे असं धरून चाला. अनोळखी लायब्ररी तपासल्याशिवाय बसवू नका.

आणि महिन्यातून एखादा तास तरी, आपण रोज वापरतो त्या लायब्ररीचं ‘काय बदललं’ हे पान स्वतः वाचा. इंग्रजी अडलं तर तेच पान एआयला देऊन मराठीत समजावून घ्या. सुरुवात आजच करायची तर पांडाजच्या २.० व्हर्जनमधल्या बदलांची यादी घ्या. ‘ॲपेंड’ काढल्याची नोंद आणि त्याजागी काय आलं, ते त्यात सापडेल. तुमच्या जर्नलमधला कोड पहिल्या फटक्यात का चालत नाही, याचंही उत्तर कदाचित तिथेच मिळेल.